ते तुमचे कोण लागायचे?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. घरी पहिल्यांदा येणाऱ्याची नजर हॉलच्या कपाटातल्या राखाडी खोक्यांवर जाते (त्यांत एका अमेरिकन सैनिकाचे कागद आहेत) आणि प्रश्न येतो. मंडळाच्या गणपतीतही दरवर्षी कुणीतरी नव्याने विचारतंच: "ते अमेरिकन आजोबा तुमचे कोण लागायचे हो?"

कोणी नाही. शेजारी होते.

ओहायोत आम्ही घर घेतलं तेव्हा पलीकडच्या घरात ते एकटेच राहायचे. आम्ही भारतातले म्हटल्यावर लोक ताजमहालाचं नाव काढतात, यांनी पांडवेश्वरचं काढलं. बंगालमधल्या राणीगंजच्या कोळसापट्ट्यातलं हे गाव. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सातव्या बॉम्ब ग्रुपची बी-२४ लिबरेटर विमानं तिथून जपानच्या ताब्यातल्या बर्मावर बॉम्ब टाकायला जायची आणि हे त्यातल्या एका विमानाचे नॅव्हिगेटर, म्हणजे नकाशावरून वाट सांगणारे. रंगूनला जाऊन परत यायचं म्हणजे सुमारे अडीच हजार किलोमीटर, त्यातला मोठा टप्पा बंगालच्या उपसागरावरून. विमान पडलं आणि जिवंत राहिलात, तर पुढे रंगूनचा तुरुंग. १९ मार्च १९४५ ला थायलंडमधल्या रेल्वेमार्गावर आणि पुलांवर केलेल्या हल्ल्यासाठी या ग्रुपला मानपत्र मिळालं. त्याबद्दल मात्र ते फारसं बोलत नसत. जेवण किती वाईट होतं, यावर तासभर बोलत.

त्यांचं लॉगबुक, म्हणजे उड्डाणांच्या नोंदींची वही चाळताना एका ओळीत मंडाले दिसलं. आपल्याकडे मंडाले म्हटलं की दुसरं काही आठवतच नाही. मी त्यांना टिळकांबद्दल सांगितलं: १९०८ मध्ये शिक्षा, १९१४ पर्यंत तिथला तुरुंगवास, तिथे लिहिलेलं 'गीतारहस्य'. त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आमच्या नकाशावर तिथे रेल्वे यार्ड होतं. बाकी खाली काय आहे ते आम्हाला कुणी सांगायचं नाही, आणि आम्हीही विचारायचो नाही." मी त्या खोक्यांत अडकले ती बहुधा त्या दिवसापासून.

ते गेल्यावर त्यांचा पुतण्या दुसऱ्या राज्यातून आला. भला माणूस, पण घर रिकामं करायला हातात थोडेच दिवस. सामानाची विक्री करून देणारे लोक आले आणि त्यांनी चामड्याच्या जॅकेटची किंमत लगेच सांगितली. जॅकेटवर कलकत्त्याच्या बाजारात शिवून घेतलेला बिल्ला होता: ढालीच्या आकाराचा, वर भारताचा तारा आणि चीनचा सूर्य, खाली लाल-पांढरे पट्टे. अल्बम, पत्रं आणि लॉगबुक यांचा ढीग मात्र रद्दीत निघाला होता. मला हे बरोबर उलटं वाटतं. तसली जॅकेटं संग्रहालयांत पुष्कळ आहेत. अमुक दिवशी अमुक दहा माणसं एका विमानात होती, हे सांगणारा कागद एखादाच असतो.

आणि अमेरिकेत त्या कागदाला आणखी एक कारण आहे. १२ जुलै १९७३ ला सेंट लुईसच्या लष्करी अभिलेखागाराला आग लागली आणि सैनिकांच्या १ कोटी ६० लाख ते १ कोटी ८० लाख फायली जळाल्या. १९१२ ते १९६० या काळात लष्करातून सेवामुक्त झालेल्यांपैकी जवळपास ८० टक्के लोकांच्या फायली त्यात गेल्या. दुसऱ्या महायुद्धातलं हवाई दल लष्कराचाच भाग होतं, त्यामुळे हे वैमानिकही त्यात आले. कित्येकांच्या बाबतीत घरातला डिस्चार्जचा, म्हणजे सेवेतून मोकळं केल्याचा कागद हाच शेवटचा पुरावा आहे. तो माळ्यावर किंवा तळघरात ठेवू नका. एकीकडे उष्णता, दुसरीकडे ओल.

पुतण्याने जॅकेट आणि पदकं नेली, कागद माझ्यावर सोपवले. अमेरिकन संसदेच्या ग्रंथालयाचा (लायब्ररी ऑफ काँग्रेस) २००० साली सुरू झालेला एक प्रकल्प सैनिकांच्या मुलाखती, मूळ पत्रं आणि फोटो जपतो, पण पदकं, गणवेश असल्या वस्तू घेत नाही. म्हणजे आमची वाटणी आपोआपच बरोबर झाली होती.

सगळ्यात अवघड काम नोटांच्या पट्टीचं. विमानातून एकत्र प्रवास केलेल्यांनी एकमेकांच्या नोटेवर सह्या करायच्या आणि नवी नोट जुनीला चिकटवत जायचं, अशी तेव्हाची पद्धत होती. मागितल्यावर पट्टी दाखवता आली नाही तर सगळ्यांना दारू पाजायची. यांच्या पट्टीत सहाव्या जॉर्जचा एक रुपया आहे, चिनी नोटा आहेत. पण जोड सेलोटेपचे. ती पिवळी पडली आहे, तिचा गोंद कागदात झिरपलाय आणि ओढली तर सहीच निघून येईल. म्हणून मी तिला हात लावत नाही. आम्लविरहित कागदात पसरून ठेवली आहे, योग्य माणूस भेटेपर्यंत.

अल्बममध्ये विमानासमोर उभ्या असलेल्या गोऱ्या मुलांच्या फोटोंमागे नावं आहेत. तंबूसमोर बादली घेऊन उभ्या असलेल्या बंगाली पोराच्या फोटोमागे काहीच नव्हतं. मी विचारलं, तर त्यांना नाव आठवत होतं! साठ-पासष्ट वर्षांत ते कुणी विचारलंच नव्हतं. मी ते मागे पेन्सिलीने लिहिलं. (पेनाने कधीच नाही, शाई पुढच्या बाजूला उतरते.) ते १९४३ च्या अखेरीस कलकत्त्याला पोहोचले होते, दुष्काळात. फुटपाथांवरच्या त्या भुकेल्या माणसांचा एकही फोटो अल्बममध्ये नाही. "कॅमेरा गळ्यात होता," एवढंच ते म्हणाले. हेही मी एका चिठ्ठीवर लिहून अल्बममध्ये ठेवलंय. न काढलेल्या फोटोची नोंद नसेल, तर अल्बम बघणाऱ्याला वाटेल तिथे सगळं छानच होतं.

यानंतर बहुतेक जण दबक्या आवाजात पुढचा प्रश्न विचारतात: "आमच्या पणजोबांची पदकं आहेत गावी, त्यांचं काय करू?" विचारणारे सातारा-कोल्हापूरकडचे असतात, पणजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीत, कुणाचे इटलीत लढलेले. त्या पलटणीच्या यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांनी इटलीतच व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, हे बहुतेकांना माहीत असतं. स्वतःच्या पणजोबांचा सैनिक क्रमांक मात्र माहीत नसतो. तो बऱ्याचदा घरातच असतो. त्या युद्धातल्या भारतीय सैनिकांच्या पदकांवर कडेला किंवा मागच्या बाजूला क्रमांक, हुद्दा आणि नाव उमटवलेलं असे. आपण दर दसऱ्याला चिंच किंवा पितांबरी लावून ती लख्ख घासतो आणि अक्षरं पुसट करत नेतो.

तेव्हा यंदा पदकं पाटावर जरूर ठेवा, पण घासू नका, आणि हळदकुंकू वाहायचंच असेल तर पाटावर वाहा. भिंग घेऊन कड वाचा, मोबाइलवर फोटो काढा. आणि एखादी आत्या अजून असेल तर आधी तिला फोन करा; पदकं तेवढे दिवस थांबतील.