सोफा धुताना पाणी कमी, ओढणं जास्त

सोफा साफ करायला घेण्याआधी गादीखालचं लेबल वाचा. 'डब्ल्यू' म्हणजे पाण्याने चालेल, 'एस' म्हणजे फक्त सॉल्व्हंट (पाणी नसलेलं, ड्राय-क्लीनिंगसारखं द्रावण), 'डब्ल्यूएस' म्हणजे दोन्ही आणि 'एक्स' असेल तर व्हॅक्यूमपलीकडे काहीच नाही. लेबल फाटलेलं असेल तर मागच्या बाजूला ओला पांढरा रुमाल दाबून पाहा. रंग उतरला तर तिथेच थांबा.

पहिलं काम कोरडं. फटींमध्ये निमुळतं नोझल घालून धूळ पूर्ण ओढून घ्या. राहिलेली धूळ ओली झाली की तिचा चिखल होतो. मग सोफ्याच्या शाम्पूचं पाण्यात पातळ केलेलं द्रावण फवारा, मऊ ब्रशने हलकं घासा, पाच-दहा मिनिटं मुरू द्या. ते वाळू मात्र देऊ नका.

खरं कौशल्य एक्स्ट्रॅक्शन मशीन, म्हणजे कापडात पाणी सोडून ते मळासकट परत ओढून घेणारं यंत्र, चालवण्यात आहे. पाणी सोडत एक हात फिरवला, तर नुसतं ओढून घेणारे दोन-तीन हात फिरवायचेच. इथे घाई झाली की पाणी फोममध्ये उतरतं, आणि सुकताना आतला मळ वर घेऊन येतं. काल गेलेला डाग आज परत दिसतो तो यामुळेच. कुबट वासाचं कारणही बहुतेक हेच. शाम्पू जास्त झाला तर चिकट थर राहतो आणि सोफा पूर्वीपेक्षा लवकर मळतो.

फक्त डागापुरतं धुवू नका, कडेने पाण्याची वर्तुळं उमटतात. शिवणीपासून शिवणीपर्यंत अख्खा भाग घ्या.

शेवटी गाद्या उभ्या करून पंखा लावा. हाताला कोरडं लागलं तरी आतला फोम ओला असू शकतो.