तुम्ही विचारलंत म्हणून: सिग्नल फुल्ल, मग आवाज असा का?

"काका, सिग्नल तर फुल्ल दाखवतोय, मग माझा आवाज रोबोटसारखा का जातो?" इंदूरच्या आमच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, मंडळींत ज्याच्या हाती पहिला डीएमआर हँडी (डिजिटल आवाज पाठवणारा हातातला वायरलेस सेट) येतो, तो हे विचारतोच. तर एकदा सविस्तर सांगून टाकतो.

एफएमवर सिग्नल उतरला की खरखर वाढत जाते आणि आपण सावध होतो. डिजिटलमध्ये चूक दुरुस्त करणारे जादा बिट्स ही पडझड बराच वेळ झाकून ठेवतात. हद्द ओलांडली की मात्र आवाज एकदम तुटतो. म्हणून तुटत नाहीये पण ऐकवत नाही, अशी तक्रार असेल तर अँटेनाकडे बघत बसू नका. घोळ बहुधा माईकपाशी असतो.

कारण मुळात तुमचा आवाज हवेत जातच नाही. साध्या डिजिटल टेलिफोनीत बोलण्याला सेकंदाला 64,000 बिट्स मिळतात. डीएमआरमधल्या एएमबीई प्लस टू या कोडेकला, म्हणजे आवाज थोडक्या बिट्समध्ये दाबून बसवणाऱ्या यंत्रणेला, मिळतात 2,450. आणखी 1,150 चूक-दुरुस्तीसाठी. तेवढ्यात भागवायचं म्हणून तो दर 20 मिलिसेकंदांना 49 बिट्समध्ये जुजबी नोंद करतो: सूर किती उंच, कुठल्या पट्ट्यात कंप आहे आणि कुठे नुसती हवा, जोर कुठे किती. पोलिसांचा चित्रकार वर्णन ऐकून चेहरा काढतो, तसा पलीकडचा सेट त्यावरून आवाज नव्याने घडवतो.

आता गोम अशी, की हा सगळा हिशेब एका माणसाच्या बोलण्यासाठी बसवलेला आहे. आणि मे महिन्यात इंदुरात कूलरशिवाय बसणार कोण? ती घरघरही कोडेक बोलणं समजून त्याच 49 बिट्समध्ये कोंबतो. शब्द गढूळ होतात ते तिथे.

टिळकनगरच्या एका मुलाकडे हेच चाललं होतं. पाठीमागे कूलर, माईक ओठांना टेकलेला, मेन्यूत माईक गेन, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवायचा ते, पार टोकाला. त्याला म्हटलं, 9990 वर पॅरट लाव. डीएमआर सेट इंटरनेटवरून जोडणाऱ्या ब्रँडमायस्टर नेटवर्कची ही सोय तुमचं बोलणं तुम्हालाच परत ऐकवते. ऐकून त्याचा चेहरा पडला. मग कूलर बंद केला, गेन मधोमध आणला, माईक चार बोटं लांब आणि जरा तिरका धरायला लावला, म्हणजे प-फ म्हणताना वारा थेट भोकात शिरत नाही. पुन्हा पॅरट. "हा मी?" म्हणाला. तेवढ्यात आतून त्याच्या आईने विचारलं, कूलर कोणी बंद केला. त्यावर माझ्याकडे उपाय नव्हता.

काही गोष्टी मात्र कुठल्याच सेटिंगने सुधारत नाहीत. हा कोडेक सेकंदाला 8,000 नमुने घेतो, म्हणजे 4 किलोहर्ट्झच्या वरचं काही त्याला मिळतच नाही, आणि 'स'ची बरीचशी सळसळ तिथेच असते. एस आणि एफ सारखेच वाटतात. कॉलसाइन सांगताना 'सिएरा', 'फॉक्सट्रॉट' म्हणायचा कंटाळा करू नका. डी-स्टार या दुसऱ्या डिजिटल पद्धतीतला कोडेक जुन्या पिढीचा. डीएमआर आणि डी-स्टारची नेटवर्क एकमेकांना जोडली की आवाज एकदा उलगडून पुन्हा दाबावा लागतो, आणि तो आणखी सपाट होतो. येसू कंपनीच्या फ्यूजन या डिजिटल पद्धतीत व्हॉइस वाइड नावाचा मोड आहे, त्यात जवळपास सगळी जागा बोलण्याला मिळते. फरक लगेच कानाला कळतो.

माझी खरी कुरकुर वेगळीच आहे. एएमबीई खासगी कंपनीचा, आत काय चालतं ते आपल्याला उघडून बघता येत नाही. स्वतः सोल्डरिंग करून सेट बनवणाऱ्यांच्या छंदात हे बसत नाही. ऑस्ट्रेलियाच्या डेव्हिड रो यांनी कोडेक 2 मुक्त ठेवला, म्हणजे त्याचा कोड कोणालाही बघता येतो. एम17 या खुल्या डिजिटल रेडिओ पद्धतीत तो सेकंदाला 3,200 बिट्सवर चालतो. कानाला तो एएमबीईपेक्षा सरस वाटेलच असं नाही. पण आवाज का बिघडला ते त्याच्या कोडमध्ये शिरून शोधता येतं, आणि मला तरी तेवढ्यासाठी तो जास्त आवडतो.