देशमुख सहीची दहाची नोट

जुन्या नोटांच्या धंद्यात नोट वर्षापेक्षा सहीवरून ओळखतात. रिझर्व्ह बँकेच्या सुरुवातीच्या नोटांना आम्ही ‘टेलर सही’, ‘देशमुख सही’ एवढंच म्हणतो. टेलर म्हणजे तेव्हाचे गव्हर्नर सर जेम्स टेलर. त्यांच्या निधनानंतर ऑगस्ट १९४३ मध्ये गव्हर्नर झाले ते चिंतामणराव देशमुख, बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. वर सहाव्या जॉर्जचा चेहरा आणि खाली रोह्यात वाढलेल्या मराठी माणसाची सही, अशा नोटा आमच्या फोर्टमधल्या दुकानात नेहमी येतात. मी त्या पारखतो, भाव सांगतो, गिऱ्हाईक जातं. गेल्या पावसाळ्यात मात्र अशाच एका दहाच्या नोटेने माझी अख्खी दुपार घेतली.

गिरगावातल्या एक आजी नातवाला घेऊन आल्या होत्या. चाळ पुनर्विकासाला गेली म्हणून खोली रिकामी करताना ट्रंकेच्या तळाशी पाकीट सापडलं होतं. नातवाला भाव हवा होता. आजींना एवढंच विचारायचं होतं, की नोट खरी आहे ना?

देशमुख सहीच्या बाबतीत हा प्रश्न हसण्यावारी नेता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी आपल्या नोटांची फार सफाईदार नक्कल केली, तीही बहुतेक याच सहीच्या नोटांची. त्यामुळे बँकेला जलचिन्ह बदलावं लागलं, राजाचा बाजूने दिसणारा चेहरा काढून समोरून दिसणारा घ्यावा लागला, आणि भारतात पहिल्यांदाच नोटेत सुरक्षा धागा आला. मी नोट दिव्यासमोर धरली. चेहरा समोरचा, जलचिन्ह स्वच्छ, धागा आरपार. कडेला टाचणीची भोकं, कारण तेव्हा गड्ड्या टाचून ठेवत. मधोमध एक घडी आणि त्या घडीवर शाई जराशी उडालेली.

“खरी आहे, आजी.”

“मग बरं. नानांनी जपलेली आहे.”

नातू म्हणाला, “पण देशमुख तर मंत्री होते ना? मुंबईसाठी राजीनामा दिला ते. मंत्र्याची सही नोटेवर कशी?”

आपल्याकडे देशमुखांची ओळख त्या राजीनाम्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते, याचं मला कायम वाईट वाटतं. मी कपाटातून एक नोट काढून त्याच्यासमोर ठेवली. तोच राजा, तीच सही, आणि वर छापलेलं ‘गव्हर्न्मेंट ऑफ पाकिस्तान’. पोरगा बघतच राहिला. फाळणीनंतर पाकिस्तानकडे स्वतःची मध्यवर्ती बँक नव्हती. ३० जून १९४८ पर्यंत त्यांच्या चलनाचं काम आपली रिझर्व्ह बँकच बघत होती आणि या नोटा नाशिक रोडच्या छापखान्यात छापल्या जात होत्या. दोन देश एकमेकांच्या जिवावर उठलेले असताना दोघांचं चलन सांभाळणाऱ्या बँकेच्या प्रमुखपदी हा माणूस होता. त्याआधी १९४४ मध्ये ब्रेटन वुड्सच्या जागतिक चलन परिषदेला जाऊन आलेला. १ जानेवारी १९४९ ला बँक सरकारी मालकीची झाली तेव्हाही गव्हर्नर तोच. राजकारण नंतरचं. १९५० मध्ये अर्थमंत्री, १९५२ मध्ये कुलाबा जिल्ह्यातून, म्हणजे आताच्या रायगडातून, लोकसभेवर. गव्हर्नर ते अर्थमंत्री ही वाट पुढे मनमोहन सिंगही चालले, पण पहिले देशमुख.

आजी मध्येच म्हणाल्या, “नाना फ्लोरा फाउंटनच्या मोर्च्यात होते. अनवाणी घरी आले त्या दिवशी.” नाना म्हणजे त्यांचे वडील, एका पेढीवर कारकून. तो दिवस २१ नोव्हेंबर १९५५ चा, गोळीबाराचा. आमच्या दुकानातून चालत गेलं तर पाच मिनिटांत तो चौक येतो. आज त्याला हुतात्मा चौक म्हणतात.

मग १९५६ चा जानेवारी. १६ तारखेला नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली आणि शहर पेटलं. त्याच आठवड्यात, १९ तारखेला, देशमुख रेडिओवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा करत होते. ज्या सरकारचा निर्णय मनाला पटत नाही, त्याच सरकारचं एवढं मोठं काम तडीस न्यायचं. या माणसाची खरी उंची मला त्या आठवड्यात दिसते. जुलैमध्ये ते राजीनामा देऊन मंत्रिपदावरून गेले. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळात नीट चर्चा न होता घेतला गेला, आणि मुंबईतल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी झाली पाहिजे, हे त्यांनी लोकसभेत उभं राहून सांगितलं. आयसीएसच्या परीक्षेत पहिला आलेला, इंग्रजांनी ‘सर’ केलेला हा गृहस्थ. ना तुरुंगवास, ना पाठीशी गट. म्हणूनच सरकारला त्याचं बोलणं चळवळ्याचं म्हणून झटकता येईना.

“ती बातमी आली त्या आठवड्यात नानांनी घरखर्चातून ही नोट बाजूला काढली,” आजी म्हणाल्या. “आईने किती कुरकुर केली! दहा रुपयांत आठवड्याचा बाजार यायचा. नाना म्हणाले, याच्यावर आपल्या माणसाची सही आहे, ही मोडायची नाही. पुढे घरात पैशाची ओढाताण झाली, तरी ती कोणी काढली नाही.”

नातवाने तरी भाव विचारलाच, आणि त्यात काही चूक नाही. मी खरं ते सांगितलं. घडी नसती, भोकं नसती तर किंमत पुष्कळ वर गेली असती, आहे तशी हिला फार येत नाही. त्याने आजीकडे पाहिलं. आजींनी नोट पाकिटात सरकवली होती.

मी ते पाकीट मागून घेतलं. आतल्या बाजूने पिवळं पडलं होतं, आणि तसला कागद नोटेला खातो. पॉलिएस्टरचं पारदर्शक कव्हर दिलं, लॅमिनेशन अजिबात करू नका म्हणून बजावलं. पोराला पाकिस्तानवाली नोट पुन्हा बघायची होती. ती हातात घेऊन त्याने बराच वेळ सही ताडून पाहिली. मग, अशा आणखी कुठे बघायला मिळतील, म्हणाला. मी त्याला सर फिरोजशहा मेहता रोडवरच्या अमर बिल्डिंगचा, रिझर्व्ह बँकेच्या संग्रहालयाचा, पत्ता लिहून दिला.