निवृत्तीनंतर राहण्यासाठी चिऱ्याचे जुने घर दुरुस्त करताना

राजापूर तालुक्यातील आमचे वडिलोपार्जित घर जांभ्या चिऱ्याचे, कौलारू आणि सुमारे सत्तर वर्षांचे आहे. नोकरी संपल्यावर मी आणि पत्नीने तिथेच कायमचे राहायचे ठरवले, तेव्हा पहिल्याच ठेकेदाराने घर पाडून स्लॅबचे नवे बांधण्याचा सल्ला दिला. तो आम्ही मानला नाही, आणि त्यामागे भावनेपेक्षा हिशेब अधिक होता. चिरा खाणीतून मऊ निघतो आणि हवा लागून टणक होत जातो. आमच्या भिंती पूर्ण शाबूत होत्या. खराब झाले होते ते फक्त पाणी लागलेले भाग. म्हणून पाणी जिथून आत येते तिथे आधी पैसा घालायचा आणि बाकीचे मागून, हा क्रम आम्ही अखेरपर्यंत सोडला नाही.

त्याआधी कागदपत्रे. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर, म्हणजे घरपट्टी आकारणीच्या नोंदीत, आजोबांचे नाव होते आणि सातबाऱ्यावर चुलत भावंडांचीही. सर्व सहहिस्सेदारांची लेखी संमती घेऊन घराची नोंद व वीजबिल आमच्या नावावर करून घेतले. पुष्कळ जण हे काम घर पूर्ण झाल्यावर करू म्हणतात. माझ्या मते हे उफराटे आहे, कारण निवृत्तीची पुंजी घालून झाल्यावर निघालेला हिश्श्याचा वाद या वयात निस्तरत नाही.

छपराचे काम दिवाळीनंतर सुरू करून मृगाच्या आत संपवावे लागते, आणि अंदाजपत्रकातला सर्वांत मोठा वाटाही त्यालाच जातो. कौले उतरवताना गवंड्याने एकेक कौल बोटाच्या पेराने वाजवून पाहिले. खणखणीत वाजेल ते ठेवायचे, बद्द वाजेल ते बाजूला. मंगलोरी कौलांचे हे चांगले आहे की एक फुटले तर तेवढेच बदलता येते, आणि गावोगावी स्लॅब पडत असल्यामुळे उतरवलेली जुनी कौले स्वस्तात मिळतात. वासे सुताराने टोच्याने तपासले. पडवीचा एक खांब बुंध्याशी वाळवीने पोखरलेला होता, तो मी काढायलाच सांगणार होतो. "काका, फणसाचा आहे, वरचा सगळा ठणठणीत आहे," असे म्हणून त्याने खांबाला खालून टेकू दिला, कुजलेला हातभर भाग कापला आणि उरलेला खांब नव्या, उंच दगडी तळखड्यावर बसवला. मातीशी लाकडाचा संबंध तुटला की वाळवीची वाट बरीचशी बंद होते. माकडांवर मात्र उपाय सापडलेला नाही. ती कौलांवरून उड्या मारतात आणि कौले फोडतात. त्यांना कंटाळून अनेकांनी पत्रे घातले. आम्ही दीडशे कौले गोठ्यात रचून ठेवली आहेत.

भिंतींची ओल वरून नव्हे, खालून येत होती. पागोळ्यांचे पाणी जोत्यालगत पडून तिथेच मुरत होते, आणि मधल्या काळात कोणीतरी भिंतीला दिलेल्या सिमेंटच्या गिलाव्याने ती ओल आत कोंडून धरली होती. त्यामुळे भिंतीला लोणा लागून पोपडे पडत होते. तो गिलावा खरवडून काढला आणि मुरवलेल्या चुन्याचा, तिप्पट वाळू घातलेला गिलावा दिला. चुना ओल बाहेर जाऊ देतो. तो वाळायला वेळ घेतो आणि चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधावा लागतो, ही त्याची खरी किंमत आहे. छपराला पन्हळी लावून पाणी जोत्यापासून दूर नेले. हजार चौरस फुटांच्या छपरावर ३,००० मिलिमीटर पाऊस धरला तर हे पाणी पावणेतीन लाख लिटरच्या घरात जाते. पहिल्या सरींचे पाणी सोडून दिल्यावर उरलेल्यातले काही खडी-वाळूच्या गाळणीतून विहिरीलगतच्या शोषखड्ड्यात सोडतो.

घराला माळा आहे, पण राहणे पूर्णपणे तळमजल्यावर आणले. न्हाणीघर आणि शौचालय परसात होते. ते माजघराला लागून नवे बांधले, तीन फूट रुंद दार ठेवले आणि कमोडशेजारी भिंतीत पक्का दांडा बसवला. फरशी चकचकीत घेतली नाही, खरखरीत शहाबादी घातली. आतले उंबरठे काढले, पुढच्या दाराचा पत्नीच्या आग्रहाखातर राहिला. जोते दोन फूट उंच आहे. बारा फुटांना एक फूट असा सुरक्षित उतार काढायचा तर चोवीस फूट लांबी लागते, म्हणून तो समोर न घेता बाजूच्या भिंतीलगत घेतला आणि त्याला कठडा लावला. आज आम्हांला त्याची गरज नाही, पण गरज पडल्यावर बांधायला धावपळ करण्यापेक्षा गवंडी दारात असताना ते उरकणे स्वस्त पडले.

वायरिंग पूर्ण बदलून अर्थिंग व आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवल्यावरच सौरऊर्जेचा विचार केला. कौले भोकसायची नव्हती, म्हणून दोन किलोवॉटची पॅनेल न्हाणीघर व कोठाराच्या सलग स्लॅबवर बसवली. पीएम सूर्यघर योजनेत दोन किलोवॉटला ६०,००० रुपये अनुदान आहे, मात्र ते यंत्रणा सुरू झाल्यावर बँक खात्यात येते, म्हणजे रक्कम आधी आपल्याजवळ हवी. वीजबिलावरचे नाव आधीच बदललेले असल्याने अर्ज अडला नाही. उन्हाच्या दिवसांत किलोवॉटमागे रोज चारेक युनिट मिळतात, पावसाळ्यात बरीच कमी. शिवाय बॅटरीशिवायची ही यंत्रणा महावितरणची वीज गेली की स्वतःही बंद होते, त्यामुळे न्हाणीघराकडे जाणाऱ्या वाटेवरच्या दोन दिव्यांसाठी आणि एका पंख्यासाठी लहान इन्व्हर्टर वेगळा ठेवला आहे.