किल्ल्या परत करण्याआधी

22 वर्षं मी पालखीतल्या वारकऱ्यांना लाडू वाटले, पण पालखीबरोबर कधी चालले नव्हते. रास्ता पेठेत आमचं भाड्याचं घर. शेजारच्या नाना पेठेत निवडुंग्या विठोबाच्या देवळात तुकोबारायांचा मुक्काम, भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात माउलींचा. त्या दोन दिवसांत आमच्या जिन्यातही वारकरी झोपलेले असायचे. त्यांना चहा द्यायचा, पाया पडायचं आणि ऑफिस गाठायचं, एवढीच माझी वारी.

यंदा यजमानांची हैदराबादला बदली झाली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात घरमालकांना किल्ल्या द्यायच्या ठरल्या. अर्धा संसार खोक्यांत भरून झाला होता आणि मला काही केल्या रात्री झोप येईना. तेव्हाच ठरवलं, माउलींबरोबर निदान सासवडपर्यंत जायचं.

पुणे ते सासवड हा माउलींच्या वाटेवरचा सगळ्यात मोठा टप्पा, 30 किलोमीटरच्या आसपास. शिवाय त्या दिवशी योगिनी एकादशी. पहाटे साडेपाचला शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा घेऊन निघाले. टिंबर मार्केटमध्ये भिजलेल्या सागाचा वास दाटला होता. दुकानांच्या पायऱ्यांवर वारकरी वळकट्या बांधत होते. एका नळावर बायका पाय धूत होत्या आणि तोंडाने हरिपाठ चालू होता.

पूलगेटला माझा रोजचा बसस्टॉप. इथूनच हडपसरची बस धरून मी इतकी वर्षं नोकरीला गेले. म्हणजे रोज पालखीच्याच रस्त्याने जात होते, फक्त मान मोबाइलमध्ये घालून. स्टॉपजवळच्या चांभारकाकांनी माझ्या किती चपला शिवल्या असतील, मोजदाद नाही. त्यांच्यापुढे तुटक्या पायताणांचा ढीग पडला होता. वारीच्या दिवशी ते कुणाकडून पैसे घेत नाहीत. माझ्या बुटाचा तळ सुटत आलेला त्यांनी लांबूनच पाहिला. “ताई, घाटात पाय जाईल, काढा इकडं.” दाभण घातलं, मेणाचा दोरा ओढला, दाताने तोडला. मी पर्स उघडली तर म्हणाले, “आज तुम्हीबी माउलीच.” मी हैदराबादला चालले आहे, हे त्यांना सांगणार होते. गळा भरून आला, सांगताच आलं नाही.

हडपसरच्या गाडीतळावर दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात. तुकोबाराय सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे आणि माउली उजवीकडे सासवडला. आता पंढरपुराच्या अलीकडेच त्यांची गाठ. सवयीने माझे पाय ऑफिसच्या गल्लीकडे वळले होते, तेवढ्यात रथामागची एक दिंडी आली आणि मी तिच्या कडेने चालू लागले.

त्या दिंडीत डोक्यावर तुळस घेतलेल्या एक आजी होत्या, परभणीकडच्या. पितळी वृंदावनाला एका हाताचा आधार, दुसऱ्या हातात चपला. वडकीपर्यंत आम्ही बरोबर चाललो. त्यांनी विचारलं, “कोणत्या गावची गं माय तू?”

मला पटकन उत्तर देता येईना. माहेर रत्नागिरीकडचं, संसार पुण्यात, आणि आता तेही सुटणार. हैदराबादला चालले म्हटल्यावर आजी हसल्या. “ते काय लांब हाय? माझे सासरे निजामाच्या काळात कोर्टकचेरीला तिकडंच जायचे. भाकरी बांधून घ्यायचे आन जायचे.” मग थोडं थांबून, “इठ्ठल तिथं न्हाई व्हय?” एवढं बोलून त्यांनी माझ्या हातातला लाडू घेतला, अर्धा मोडून मला परत दिला.

दिवे घाटाच्या पायथ्याशी रथाला आणखी बैलजोड्या जुंपल्या. घाट चढताना वळणावळणावर भगव्या पताकांची रांग वर सरकत होती आणि खाली मस्तानी तलाव दिसत होता. माझ्या टाचेला फोड आला होता. तरी “ज्ञानोबा माउली तुकाराम” म्हणता म्हणता पाऊल टाळावर पडायला लागलं की दुखणं मागे राहतं, हे मी पहिल्यांदाच अनुभवलं. मी फार देवधर्म करणारी बाई नाही. पण त्या चढावर मी काहीही मागत नव्हते, आणि मनातली भीती गेली होती.

सासवडला पालखी तळावर समाज आरतीला उभी राहिले. शेकडो टाळ वाजत होते. चोपदारांनी दंड वर केला आणि सगळं एकदम शांत झालं. मग हरवल्या-सापडल्याची घोषणा झाली. कुणाची तुळशीची माळ, कुणाचा चष्मा, एक किल्ल्यांचा जुडगा. किल्ल्या म्हटल्यावर माझा हात आपोआप पर्सकडे गेला. माझ्या जागेवर होत्या.

पलीकडच्या दिंडीतून एक म्हातारे बाबा गर्दीतून वाट काढत पुढे गेले. जुडगा हातात घेतला, कपाळाला लावला आणि उपरण्याच्या टोकाला गाठ मारून बांधला. आरती सुरू झाली.

घाट वाहनांना बंद, म्हणून परतीची बस बोपदेव घाटातून निघाली. खिडकीशी बसून मी डबा उघडला. तळाशी एकच लाडू उरला होता. अर्धा शेजारच्या बाईंना दिला.