पाव फेरा : शहापुरातल्या आमच्या दुकानाची वाटचाल

बेळगावात पाऊस मृगाला येतो. आमच्या वाद्यदुरुस्तीच्या दुकानात तो तीन-चार आठवड्यांनी पोचतो, कारण लाकडाला ओल प्यायला तेवढा वेळ लागतो. जुलै उजाडला की गिऱ्हाईक दारातूनच सांगतं, "मामा, तारा वर आल्यात." शिमग्याच्या सुमारास तेच गिऱ्हाईक परत येतं, "मामा, तारा झणझणायला लागल्यात." गिटार तीच, वाजवणारा तोच. मधल्या काळात फक्त हवा पालटलेली असते. एवढी साधी गोष्ट नीट कळेपर्यंत माझं जवळजवळ सगळं दुकान गेलं होतं, म्हणून हे लिहायला बसलो.

दुकान वडिलांचं. १९७४ साली त्यांनी बेळगावच्या शहापुरात पेटी-तबल्याच्या दुरुस्तीचं काम सुरू केलं. भजनी मंडळांच्या पेट्या, शाळांच्या पेट्या, फाटलेले भाते, बसलेले सूर. गिटार वर्षातून दोन-तीन यायच्या, बहुतेक लष्कराच्या कॅम्पातून, नाहीतर गोव्याच्या पाहुण्यांबरोबर. मी १९९१ पासून दुकानात बसू लागलो आणि गिटारचं काम माझ्याकडे आलं. वडील म्हणायचे, "पेटीत हवा आपण भरतो, गिटारीत ती आपण होऊन शिरते." त्यांना ट्रस रॉड, म्हणजे गिटारच्या नेकमधली (दांड्यातली) फिरवता येणारी सळई, माहीत नव्हता, पण लाकूड माहीत होतं. फळी ओल धरते तेव्हा रुंदीला फुगते, लांबीला जवळजवळ नाही, हे त्यांनी मला रंधा हातात देऊन शिकवलं होतं. दुर्दैवानं त्या शिकवणुकीचा गिटारशी असलेला संबंध मी जोडला नाही.

२००९ च्या जुलैत गावातल्या एका संगीत क्लासच्या २६ गिटारी एकदम आल्या. गणपतीत त्यांचा कार्यक्रम होता. मुलांची बोटं सोलून निघत होती, बाराव्या फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या बाराव्या आडव्या पट्टीवर, तारा तीन-साडेतीन मिलिमीटर वर. क्लासचे सर म्हणाले, "खाली घ्या, पण लवकर." मी सगळ्यांचे सॅडल, म्हणजे बॉडीवरच्या ब्रिजमध्ये बसणाऱ्या, तारा टेकायच्या पट्ट्या, काढले, काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर बूड घासलं आणि परत बसवले. या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको, बाराव्या फ्रेटवर पाऊण मिलिमीटर उतरवायचं तर सॅडल दीड मिलिमीटर घासावा लागतो. तेवढा घासला. आठ दिवसांत काम पुरं केलं. कार्यक्रम उत्तम झाला, सरांनी स्टेजवरून दुकानाचं नाव घेतलं. वडील पहिल्या रांगेत होते.

फेब्रुवारीत पहिली गिटार परत आली. मग रोज एक, कधी दोन. जुलैत ओलीनं फुगून वर आलेलं टॉप, म्हणजे बॉडीची वरची फळी, कोरड्या हवेत खाली बसलं होतं, ब्रिज त्याच्याबरोबर उतरला होता आणि त्याखालचा सॅडल मी आधीच कापून ठेवला होता. तारा फ्रेटला टेकत होत्या. सहाव्या तारेवर नुसतं खर्र वाजायचं.

त्याच वर्षी गावात वाद्यांचं मोठं, काचेच्या दर्शनी भागाचं दुकान उघडलं होतं. नाव लिहीत नाही, बेळगावकरांना ते विचारायचीही गरज नाही. घाबरलेले पालक तिकडे गेले. त्यांना सांगितलं गेलं, "नेक गेली, आता नवीनच घ्या." त्या दोन महिन्यांत माझ्या हातून गेलेल्या २६ पैकी ११ गिटारींच्या जागी तिथून नव्या गिटारी विकल्या गेल्या. वर, "शहापुरच्या पेटीवाल्यानं गिटारी मारल्या" हे वाक्य गावभर फिरलं. मला ते भाजी मंडईत ऐकायला मिळालं.

सॅडल कापला ही माझीच चूक, ती मी त्या वेळीही कबूल केली होती. पण एकाही गिटारची नेक गेलेली नव्हती. दीड मिलिमीटर उंच सॅडल बसवला की काम होणार होतं आणि हे त्या दुकानातल्या माणसाला कळत होतं, कारण काम त्यालाही येतं. गरिबाघरच्या पोराच्या बापाला चांगली गिटार टाकून द्यायला लावायची, हे मला आजही पटत नाही. त्या ११ मुलांपैकी दोघांनी वाजवणंच सोडलं.

उन्हाळाभर दुकानात कोणी फिरकलं नाही. पेट्यांचं कामही आटलं, कारण बदनामी वाद्य बघून होत नाही. पतपेढीचे हप्ते थकले. बायकोच्या पाटल्या गहाण पडल्या. दुकानाचा पुढचा भाग मोबाइल रिचार्जवाल्याला भाड्यानं द्यायची बोलणी पक्की होत आली होती. वडील मला एक शब्द बोलले नाहीत, रोज सकाळी येऊन धूळ झटकायचे आणि बसून राहायचे.

अशा दिवसांत मास्तर आले. मास्तर म्हणजे मराठा लाइट इन्फंट्रीच्या बँडमधून निवृत्त झालेले, कॅम्पात राहणारे. १९९८ पासून त्यांची एकच गिटार माझ्याकडे येत होती. त्यांनी पिशवीतून एक लांबट वही काढून टेबलावर ठेवली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, पेन्शनला जाण्याआधी, ते बाराव्या फ्रेटवर स्टीलची पट्टी लावून सहाव्या तारेची उंची मोजत आणि लिहून ठेवत. अकरा वर्षांच्या नोंदी. फेब्रुवारीत दोन मिलिमीटर, ऑगस्टमध्ये तीन, पुढच्या फेब्रुवारीत पुन्हा दोन. दरवर्षी तेच. कोणी हात न लावता गिटार वर जात होती आणि आपण होऊन खाली येत होती.

"तू चोर नाहीस," मास्तर म्हणाले. "पण तू महिना बघितला नाहीस."

ती वही त्यांनी महिनाभर माझ्याकडे ठेवली. मी ती अख्खी उतरवून काढली.

त्यानंतर मी मिरजेला गेलो. तिथले सतारमेकर जवारीच्या (सतारीची घोडी घासून सूर खुलवायच्या) कामात मुरलेले, त्यांच्याकडून सॅडलसाठी हाडाच्या पट्ट्या आणल्या. सतारीचे पडदे दोऱ्यानं बांधलेले असतात, सरकवता येतात. गिटारचे फ्रेट ठोकलेले, तिथे चूक सरकवून भागत नाही. उरलेल्या १५ गिटारींच्या घरी मी स्वतः फोन केले, सॅडल फुकट बदलून देतो म्हणालो. नऊजण आले. क्लासचे सर आले नाहीत. आजही खडेबाजारात समोर दिसले तर ते रस्ता ओलांडतात.

तेव्हापासून दुकानाचा एकच नियम आहे : हवेसाठी लाकूड कापायचं नाही. पुढची दहा-बारा वर्षं त्या नियमावर चालली, त्यात सांगण्यासारखं फार नाही. कर्ज फिटलं, पाटल्या सुटल्या.

हत्यारांबद्दल मात्र सांगतो. माझी सरळ पट्टी उद्यमबागच्या एका वर्कशॉपमध्ये सरफेस ग्राइंडरवर अगदी सपाट काढून घेतली आहे, फ्रेटसाठी खाचा पाडलेली. ती नेकवर ठेवली की लाकूड खोटं बोलू शकत नाही. फिलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पाती, गॅरेजवाल्या दोस्ताकडचं, टॅपेट सेट करायचं. तारा सुरात लावायच्या, पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा), बॉडी जिथे सुरू होते तिथे बोट दाबायचं आणि सातव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांच्यामधून पातं सरकवायचं. ०.२० ते ०.२५ मिलिमीटर असेल तर नेकला हात लावू नये. जास्त असेल तर ट्रस रॉड आवळायचा, कमी असेल तर सैल करायचा, आणि तोही एका वेळी पाव फेऱ्याच्या आत. मग गिटार रात्रभर खुंटीला. दुसऱ्या दिवशी परत मोजायची. आमच्याकडे येणारे कन्नड गिऱ्हाईक हमखास म्हणतात, "स्वल्प टाइट माड्री," म्हणजे जरा टाइट करा. मराठी गिऱ्हाईकही तेच म्हणतं. आवळणं म्हणजे दुरुस्ती, असा सगळ्यांचा समज. सळईचा नट घट्ट बसलेला असेल तर आधी थोडा सैल करून बघावा, जोर कधीच लावू नये. सहा तारांचा मिळून सत्तर किलोच्या घरात ताण असतो, तो नेकच्या लाकडाबरोबर त्या एका सळईनं पेललेला असतो. ती तुटली तर फिंगरबोर्ड, म्हणजे फ्रेट ठोकलेली नेकवरची फळी, उचकटण्यावाचून गत्यंतर नाही.

ही सळई काही देवाची देणगी नाही. अमेरिकेतल्या गिब्सन या गिटार कंपनीतल्या थॅडियस मॅकह्यू यांनी १९२१ मध्ये तिच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९२३ मध्ये ते मिळालं. मार्टिनसारख्या नावाजलेल्या गिटार कंपनीनं फिरवता येणारी सळई १९८५ मध्ये घेतली. म्हणून गोव्याकडून जुनी गिटार आली की मी आधी सळई आहे का ते बघतो. नायलॉन तारांच्या बहुतेक गिटारींत ती नसतेच, तिथे पाना शोधत बसू नये.

आणि सळई फक्त नेकचा बाक सुधारते, हे तरुण मेकॅनिकांनी लक्षात ठेवावं. टॉप फुगल्यामुळे वर आलेल्या तारा पाना फिरवून खाली आणायला गेलात तर नेक उलटी वाकेल. त्यासाठी आम्ही एका गिटारला दोन सॅडल करून देतो : पावसाळ्याचा ठेंगणा, उन्हाळ्याचा उंच. जुना सॅडल पाकिटात घालून गिऱ्हाइकाच्या नावानं ठेवतो. बदलायला दहा मिनिटं.

घरच्या घरी काय करावं हेही सांगून टाकतो. हायग्रोमीटर (हवेतली ओल टक्क्यांत दाखवणारा मीटर) घ्या, पण त्यावर लगेच विश्वास ठेवू नका. झाकणात मीठ घेऊन चिखलासारखं ओलं करा, मीटरबरोबर हवाबंद डब्यात ठेवा, बारा तासांनी ७५ दाखवायला हवं. जेवढा फरक, तेवढा लक्षात ठेवा. गिटारला ४५ ते ५५ टक्के मानवतं. माझ्या दुकानात श्रावणात काटा ८५ च्या खाली येत नाही आणि मार्चच्या दुपारी ३० पर्यंत पडतो. पावसाळ्यात केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाका. पश्चिमेच्या भिंतीला गिटार टांगू नका, ती भिंत आतून भिजते. चोर्ला घाटातून गोव्याला जाताना डिकीत ठेवू नका. आणि मुलांना सांगा, पावसाळाभर तारा सैल सोडून गिटार ठेवायची नाही, सळई एका बाजूनं ओढतच राहते.

मास्तर आता ऐंशीच्या पुढे आहेत. बोटं चालत नाहीत, तरी पहिल्या तारखेची मोजणी चालू आहे. पट्टी लावायला मी कॅम्पात जातो, आकडा त्यांची नात लिहिते. तिसरी वही चालू आहे.

गेल्या जुलैत एक कॉलेजचा मुलगा सेकंडहँड घेतलेली गिटार घेऊन आला. तारा वर आल्या होत्या. मी सॅडल काढला तर मिरजेचं हाड, त्याच्या बुडाला माझ्याच अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं : २०१०. त्या नऊपैकी एक होती. नेक पट्टीला सरळ. मुलाला विचारलं तर म्हणाला, "आधीच्या मालकानं सांगितलंय, सॅडलला हात लावू देऊ नको." त्याला ठेंगणा सॅडल करून दिला आणि ते हाड त्याच्या नावाच्या पाकिटात घालून फेब्रुवारीच्या खणात ठेवलं.