फाडलेली चित्रं

रात्रीचे साडेअकरा.

कपाट आवरायला काढलं आणि जुन्या ड्रॉइंगचा गठ्ठा हाती लागला. बहुतेक फसलेली. दोन फाडली, मग अमेरिकन चित्रकार ली क्रॅस्नर आठवली आणि तशीच बसून राहिले.

हिची ओळख अजूनही ‘प्रसिद्ध चित्रकार जॅक्सन पोलॉकची बायको’ अशीच करून देतात, याचा मला राग येतो. (आणि मीही आता तेच केलं!) 1945 साली लग्न करून दोघं न्यूयॉर्क सोडून लाँग आयलंडवरच्या स्प्रिंग्सला गेली. घरामागचं कोठार जॅक्सन पोलॉकचा स्टुडिओ झालं. ली वरच्या मजल्यावरच्या बेडरूममध्ये रंगवायची. तिच्या ‘लिटल इमेज’ मालिकेतल्या बारीक, जाड रंगाच्या खुणा लिपीसारख्या वाटतात, पण वाचता येत नाहीत. लहानपणी ती हिब्रू अक्षरं गिरवायला शिकली होती म्हणे.

1951 च्या तिच्या प्रदर्शनात एकही चित्र विकलं गेलं नाही. पुढे एकदा तिने खोलीच्या भिंती काळ्या-पांढऱ्या ड्रॉइंगनी भरून टाकल्या, आणि एक दिवस ती सगळीच तिला नकोशी झाली. ओरबाडून काढली, फाडली, तुकडे खाली तसेच टाकून निघून गेली. कित्येक दिवस तिकडे फिरकली नाही. परतली तेव्हा त्या पसाऱ्यातच तिला पुढचं काम दिसलं. मग न विकलेले कॅनव्हासही कापले, नवऱ्याने टाकून दिलेले तुकडेही घेतले. हे तुकडे चिकटवून केलेली कोलाज 1955 मध्ये मांडली गेली. स्वतःच्याच चित्रांना कात्री लावायला काय छाती लागत असेल!

1956 च्या ऑगस्टमध्ये मोटार अपघातात पोलॉक गेला. ती तेव्हा युरोपात होती. पुढच्या वर्षापासून तिने त्याच कोठारात काम सुरू केलं. 1959 च्या सुमारास झोप उडाली, म्हणून रात्री रंगवायची. दिव्याच्या उजेडात रंगांचा भरवसा नाही, म्हणून फक्त मातकट तपकिरी अंबर आणि पांढरा. भिंतीएवढे कॅनव्हास. मला त्या तपकिरी चित्रांत दुःखापेक्षा संतापच जास्त दिसतो.

माझे तुकडे अजून फरशीवरच आहेत. एकावर कोळशाने काढलेला अर्धा खांदा आलाय, फाटलेली कड पांढरी, तंतू सुटलेली. पूर्ण चित्रात तो खांदा कधी जमलाच नव्हता. तेवढा उचलून वहीत ठेवला. उरलेल्या गठ्ठ्याचं काय करायचं ते ठरत नाहीये.